ताडोबाला जाताय? गावचे जेवण पोटभर जेवा, पाणी मात्र पारखून प्या

मागच्या मे महिन्यात एका सोमवारी सकाळी माझ्या नागपूरच्या दवाखान्यात एक कुटुंब आले. आजोबा ६४ वर्षांचे, मधुमेही. सोबत मुलगा, सून आणि नात. आदल्या दिवशी सगळे ताडोबाला जाऊन आले होते आणि रविवारी दुपारपासून चौघांनाही उलट्या चालू होत्या. सून म्हणाली, "डॉक्टर, आम्ही तिथले काहीही खाल्ले नाही. बाबांना साखर आहे म्हणून सगळे घरूनच नेले होते."

घरून नेले होते ते मसालेभात. शनिवारी रात्री शिजवलेला, गरम असतानाच डब्यात घट्ट बंद केलेला आणि रविवारी दुपारी एक वाजता, ४४ अंशांच्या उन्हात तापलेल्या गाडीतून काढून खाल्लेला. त्यांच्या गाडीचा चालक गेटजवळच्या खानावळीत झुणका-भाकर आणि ठेचा जेवला होता. त्याला काहीही झाले नाही.

आम्ही प्रयोगशाळेत भाताची तपासणी केली नाही, पण वेळ आणि लक्षणे पाहता माझा संशय त्या भातावरच गेला. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. असा भात पुन्हा गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

जंगलात फिरायला जाणारी बहुतेक कुटुंबे मला एकच प्रश्न विचारतात, "तिथले खाल्ले तर चालेल का?" माझे उत्तर असे आहे: चालेल, आणि खाच. पदार्थ गावातला आहे की घरचा, यावर पोट बिघडत नाही. तो कधी शिजवला, किती वेळ ठेवला आणि त्यात कोणते पाणी पडले, यावर ते ठरते. हे समजून घेतले की जेवणाचा आनंदही घेता येतो आणि घरातल्या आजारी माणसालाही जपता येते.

कोणते ताट निर्धास्त जेवावे?

ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांच्या आसपासच्या गावांत खानावळी आणि घरगुती मुक्कामाची सोय मिळते. तिथल्या ताटात ज्वारीची भाकरी, झुणका, भाजलेल्या वांग्याचे भरीत, पातोडीचा रस्सा, आंबाडीची भाजी, वडाभात, गोळाभात असे पदार्थ असतात. सकाळी तर्री पोहे. हे पदार्थ आपल्यासमोर शिजतात आणि वाफ निघत असतानाच ताटात येतात. तव्यावरून थेट ताटात आलेल्या भाकरीत जंतू टिकण्याची शक्यता फारच कमी असते.

जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश तापमानात. म्हणजे ना धड गरम, ना धड गार अशा अन्नात. एरवी शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असे आम्ही सांगतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात हीच मर्यादा एक तासावर आणावी. त्यामुळे मोठ्या रिसॉर्टमध्ये बुफेवर अकरा वाजल्यापासून कोमट पडून असलेल्या पनीरच्या भाजीपेक्षा साध्या खानावळीतला उकळता झुणका मला जास्त भरवशाचा वाटतो.

जपून खावे असे पदार्थ पुढीलप्रमाणे:

- आधीच चिरून ठेवलेली काकडी, टोमॅटो, कांदा आणि फळे. अख्खे फळ घ्या, धुवा आणि स्वतः सोला.
- सकाळी पाणी घालून वाटलेली ओली चटणी. तेल-मिठाचा कोरडा ठेचा त्यापेक्षा बरा.
- बर्फ घातलेला मठ्ठा, उसाचा रस आणि बर्फाचा गोळा.
- उघड्यावर ठेवलेली मिठाई, क्रीमचे केक, सकाळी करून ठेवलेली सँडविच.

घरून काही न्यायचेच असेल तर कोरडे न्या. दशम्या, भाजके पोहे, चिवडा, फुटाणे, शेंगदाणे. भात, ओली भाजी आणि पनीर नको. आणि जेवण्यापूर्वी साबणाने हात धुवा. जिप्सीतून उतरल्यावर हातावर जो धुळीचा थर असतो, त्यावर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

सावजी आणि तर्री: किती सोसेल?

सावजी रस्सा मूळचा नागपूरच्या हलबा-कोष्टी समाजाचा. आता तो ताडोबाच्या वाटेवर जागोजागी मिळतो. तिखटाने पोटात जंतुसंसर्ग होत नाही, हे आधी सांगतो. पण ज्यांना ॲसिडिटी, पोटात व्रण किंवा मूळव्याध आहे, त्यांचा त्रास तिखट आणि तेलाने वाढतो.

इथे प्रश्न वेळेचाही आहे. सकाळच्या सफारीसाठी पहाटे चारला उठावे लागते. त्यानंतर जवळपास चार तास खाचखळग्यांतून जिप्सी चालते आणि मनाला येईल तिथे खाली उतरता येत नाही. आदल्या रात्री दहा वाजता सावजी मटण भरपेट जेवलेल्या माणसाची सकाळी काय अवस्था होते, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. सावजी दुपारी जेवा. रात्री आठच्या आत भाकरी, भाजी आणि थोडा वरणभात घ्या. रस्सा मागताना "तर्री कमी" असे सांगितले तर कोणाला वाईट वाटत नाही.

रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर मिठाचा हिशेब ठेवा. रस्सा, पापड, लोणचे आणि ठेचा एकाच ताटात आले की दिवसाचे मीठ एका जेवणातच पोटात जाते. यांपैकी दोनच गोष्टी निवडा.

पाण्याची पारख

अतिसार, विषमज्वर आणि कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई) हे आजार मुख्यतः दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. पाणी स्वच्छ दिसते, थंड आहे, चवीला गोड आहे, यावरून ते सुरक्षित आहे असे समजू नये.

- सीलबंद बाटलीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १४५४३ हा क्रमांक पाहा. झाकणाचे सील स्वतः तोडा.
- खानावळीतला थंड पाण्याचा मोठा जार सीलबंद नसेल तर तो बाटलीइतका खात्रीचा धरू नका.
- मुक्कामाच्या ठिकाणी पाणी उकळून मागा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळलेले पाणी पुरेसे सुरक्षित असते. रात्रीच उकळून, झाकून ठेवा आणि पहाटे स्टीलच्या बाटल्यांत भरा.
- क्लोरीनची गोळी वापरत असाल तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि किमान ३० मिनिटे थांबा.
- बर्फ टाळा. गोठल्याने जंतू मरतातच असे नाही.

"घाटावरचा चहा चालेल का?" असेही विचारतात. उकळता चहा कोणत्याही टपरीवर चालेल, फक्त कप किंवा ग्लास ओला नसावा. तोच ग्लास बादलीतल्या पाण्यात विसळलेला असतो, हे लक्षात घ्या.

उन्हाळा, पन्हे आणि खिशातला कांदा

ताडोबाला सर्वाधिक गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते, कारण पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते. याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. उघड्या जिप्सीत घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले ते कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

इथल्या लोकांनी उन्हावर पिढ्यान्‌पिढ्या शोधलेले उपाय चांगले आहेत. कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, जिरे-मीठ घातलेले ताक, लिंबूपाणी. यांतून पाणी आणि मीठ दोन्ही मिळतात. उकळलेल्या किंवा सीलबंद पाण्यात, बर्फाशिवाय बनवून मागा. मात्र तीन प्रकारच्या रुग्णांनी आधी विचार करावा:

- मधुमेह असेल तर पन्ह्यातली साखर आणि गूळ मोजा. ताक किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी बरे.
- हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर "उन्हाळा आहे" म्हणून स्वतःहून प्रमाण बदलू नका. निघण्यापूर्वी त्यांना विचारा. खरे तर अशा रुग्णांनी हिवाळ्यात जाणे उत्तम.
- लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हात रक्तदाब एकदम उतरू शकतो. उभे राहताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांशी बोला.

विदर्भात उन्हात निघताना खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे. कांदा खाण्यात काहीच वाईट नाही, पण खिशातला कांदा उष्माघात रोखत नाही. डोक्याला आणि कानाला गुंडाळलेला ओला दुपट्टा आणि जवळची पाण्याची बाटली, हे खरे संरक्षण.

मधुमेह असलेल्यांची पहाट

सुरुवातीला सांगितलेल्या आजोबांची गोष्ट अजून संपलेली नाही. त्या पहाटे त्यांनी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती, पण नाश्ता केला नव्हता. "परत आल्यावर खाऊ," असे म्हणाले. सकाळी आठच्या सुमारास जिप्सीत त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि ते असंबद्ध बोलू लागले. घरच्यांना वाटले ऊन लागले. नातीच्या दप्तरात चॉकलेट होते म्हणून निभावले. हे ऊन नव्हते, रक्तातली साखर उतरली होती.

जेवणापूर्वीचे इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी हा नियम पाळावा: खाणे नाही तर तो डोसही नाही, आणि हे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पहाटे निघताना दोन दशम्या किंवा पोह्यांची छोटी बशी खाता येते. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री सांगितले तर पहाटे साडेचारला कोणीतरी पोहे करून देतेच.

खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर ठेवा. लक्षणे दिसली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर थोडे काही खाऊ घाला. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. सोबतच्या गाइडला आणि चालकाला निघतानाच सांगून ठेवा की गाडीत मधुमेही आहेत आणि मध्येच खायची गरज पडू शकते.

इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नका. थर्मासमध्ये किंवा ओल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत घालून ठेवता येते. बर्फाला थेट टेकवू नका, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

भाकरी चांगली म्हणून चार खाऊ नयेत, हेही सांगतो. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ आहेत. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग धानाचा, तिथे ताटात भात जास्त येतो. भात एक वाटी, भाजी आणि डाळ दोन वाट्या असे गणित ठेवा.

रानातले पदार्थ

मोहफूल: मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळून पडणारी ही फुले वाळवून त्यांचे लाडू, भाकरी आणि गोड पदार्थ करतात. ती जरूर चाखा. फुलांत साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेहींनी लाडू गोडातच मोजावा. ही फुले वेचायला गावातल्या बायका अंधारात रानात जातात आणि त्याच वेळी अस्वलेही मोहाखाली येतात. वाघ-अस्वलाच्या हल्ल्यांत या भागातली माणसे दगावलेली आहेत. लाडवाची किंमत करताना घासाघीस करू नका, एवढीच विनंती.

टेंभरे आणि चारोळी: तेंदूची पिकलेली फळे धुऊन खा. चारोळीचे झाड काजू-आंब्याच्या कुळातले आहे. काजूची ॲलर्जी असेल तर जपा.

मध: रस्त्याकडेला मिळणारा रानमध मोठ्यांना चालतो. एक वर्षाखालच्या बाळाला कोणताही मध चाटवू नका. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

लाखोळी डाळ: पूर्व विदर्भात ही डाळ पिढ्यान्‌पिढ्या पिकते. तिच्यातल्या एका घटकामुळे पायांना कायमचा लुळेपणा येऊ शकतो, म्हणून तिच्या विक्रीवर दीर्घकाळ बंदी होती. पण हा आजार दुष्काळासारख्या काळात, महिनोन्‌महिने मुख्यतः हीच डाळ खाणाऱ्यांना झालेला आहे. सहलीत एखादे वेळी लाखोळीचे वडे खाल्ले तर घाबरायचे कारण नाही. पोते भरून घरी नेऊन रोज खाऊ मात्र नका.

वास्ते आणि रानातली अळिंबी: पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ताडोबाचा गाभा भाग पर्यटनासाठी बंद असतो, पण बफर भागात लोक जातात. तेव्हा वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब मिळतात. ते कच्चे खाऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. भिजवून, उकळून, पाणी टाकून दिले की ते निघून जातात. गावातल्या बायकांना हे ठाऊक असते, त्यांच्या हातची भाजी खा. अळिंबी स्वतः तोडून कधीही शिजवू नका. विषारी आणि खाण्याजोगी अळिंबी दिसायला सारखी असू शकते आणि शिजवल्याने सगळी विषे जात नाहीत.

उद्यानातले फूल, फळ काहीही तोडू नये, कायद्याने ते मना आहे.

मोहाची दारू

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. गोंड आणि इतर आदिवासी समाजांत मोहाच्या दारूला देवाधर्मात स्थान आहे आणि त्याचा मान राखावा. पण पर्यटकाला रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटलीतून विकली जाणारी दारू वेगळी. ती कोणी गाळली, किती तीव्र आहे, त्यात काय मिसळले आहे, हे कळायला मार्ग नसतो. विनापरवाना दारू विकणे गुन्हाही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, ती उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची दारूबंदी कायम आहे.

भेसळीत मिथेनॉल असेल तर सुरुवातीला साधी नशा झाल्यासारखे वाटते. साधारण १२ ते २४ तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप लागणे आणि डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे धूसर दिसणे सुरू होते. असे झाले तर "उतरेल" म्हणून थांबू नका. लवकर उपचार मिळाले तर दृष्टी आणि जीव वाचतो. आणि कोणतीही दारू, परवान्याची असली तरी, उन्हात शरीर कोरडे करते व मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर धोकादायकरीत्या उतरवते. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर ती टाळावीच.

पोट बिघडलेच तर

पहिले औषध ओआरएस. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण विरघळवून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोठ्यांनी प्रत्येक जुलाबानंतर एक ते दोन ग्लास, दोन वर्षांवरील मुलांनी अर्धा ते एक ग्लास प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने द्या. टेट्रापॅकमधली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नयेत. मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची औषधे चालू असताना उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात आणि इन्सुलिन सहसा पूर्ण बंद करायचे नसते. तो निर्णय त्यांना घेऊ द्या.

पुढीलपैकी काहीही दिसले तर सफारी सोडा आणि दवाखान्यात जा:

- सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, सुस्ती
- शौचातून रक्त, जास्त ताप किंवा न थांबणाऱ्या उलट्या
- उन्हात असंबद्ध बोलणे, शुद्ध हरपणे, अंग तापलेले असणे (आधी सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला)
- बाळ, गर्भवती किंवा वयस्कर व्यक्तीला वारंवार जुलाब

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. चिमूर आणि वरोऱ्याला सरकारी रुग्णालये आहेत, चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणाहून सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे पोहोचल्याबरोबर विचारून ठेवा.

घरी परतल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप आला, डोळे पिवळे झाले, तर डॉक्टरांना "आम्ही ताडोबाला गेलो होतो" हे आवर्जून सांगा. विषमज्वराला एक ते तीन आठवडे, काविळीला त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. मलेरियाची तपासणीही करावी लागेल.

ते आजोबा दोन सलाइन आणि ओआरएसवर बरे झाले. डिसेंबरमध्ये ते कुटुंब पुन्हा ताडोबाला गेले. जाण्याआधी गोळ्यांचे वेळापत्रक लिहून घेऊन गेले आणि आल्यावर मला सांगायला आले. मसालेभात नेला नव्हता. गेटजवळच्या त्याच खानावळीत चौघे झुणका-भाकर जेवले. वाघ दिसला नाही म्हणून नात थोडी रुसली होती, पोट मात्र कोणाचेच बिघडले नव्हते.